मंगल सिस्टर पळायच्या

आरोग्य केंद्रात औषध निर्माता म्हणून मी रुजू झालो, त्या सकाळी शिपाईसुद्धा आला नव्हता. पायरीवर एक बाई बसली होती. पंजाबी ड्रेस, ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारलेली, घामाने कपाळाला चिकटलेले पिकू लागलेले केस, आणि पायांत शाळेतल्या पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. मला वाटलं पेशंट आहे, लांबून चालत आली असेल. मी विचारलं, "काकू, काय होतंय?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "मला काय व्हतंय? तुमचाच चेहरा उतरलाय. गाडी लागली का?" असं म्हणत उठल्या आणि माझ्या कपाळाला हात लावला. मला खरंच गाडी लागली होती.

त्या आमच्या मंगल सिस्टर. माहेर जुन्नर तालुक्यातलं पिंपळवंडी, सासर निरगुडसर, आणि नोकरी या दोन्हींपासून लांब, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. सोमवारी पहिल्या एसटीने यायच्या, शनिवारी दुपारी परत जायच्या. नवरा शेती बघायचा, एकुलता मुलगा पुण्यात कंपनीत होता. मधले दिवस त्या केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. खोलीत लोखंडी खाट, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खिडकीत वाळत घातलेले बूट. या डोंगरात त्यांची वीस वर्षं गेली होती. बदलीची ऑर्डर आली की वाड्यावस्त्यांवरची माणसं अंगठे आणि सह्या घेऊन खाली उतरायची आणि ऑर्डर रद्द करून घ्यायची.

खुर्चीवर बसलेल्या सिस्टर मला त्या काळात दिसल्या नाहीत. पायरी, लसीचा डबा, कुणाच्या तरी ओट्याची कड, हीच त्यांची बसायची ठिकाणं. लिहायचं ते डाव्या तळहातावर. कागद असला तरी हातावरच. बाळाचं वजन, बाईचा बीपी, कुणाच्या तरी जावयाचा फोन नंबर. हात सारखे धुवावे लागत, म्हणून दिवस जाईल तसा मजकूर मनगटावर आणि तिथून कोपराकडे चढायचा. संध्याकाळी मांडीवर रजिस्टर घेऊन त्या बाही वर करायच्या आणि स्वतःचा हात वाचत वाचत नोंदी करायच्या. एकदा एक आकडा घामाने पुसला गेला, तर तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी परत वाडीवर जाऊन आल्या. बाळाचं पुन्हा वजन केलं. अंदाजाने टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं.

पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात शेंगदाणे आणि गूळ असायचा. गरोदर बाईला रक्तवाढीची गोळी द्यायच्या आधी त्या ते तिच्या हातावर ठेवायच्या. बाई लाजून नंतर खाते म्हणाली की म्हणायच्या, "घाई कुठं हाय? मी बसते की." घाई कुठं हाय, हे त्यांचं सगळ्यांना सांगायचं वाक्य होतं. रोज सकाळी पळणाऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकून आम्ही हसायचो.

पळायला त्यांनी सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. कोरोनाच्या लसीकरणात त्यांनी सगळ्या वाड्या पायी पालथ्या घातल्या होत्या. ते काम संपल्यावर त्यांना सकाळी बसवेना. पाय हुळहुळतात म्हणायच्या. एक दिवस धरणाच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्यावर चालता चालता त्या पळायलाच लागल्या.

पहिल्या दिवशी गोंधळ उडाला. सिस्टर पळतायत म्हटल्यावर लोकांना वाटलं कुणाचं तरी बरंवाईट झालं. दोन माणसं मागून पळत आली, कुणाच्या घरी काय झालं म्हणून. एका पोराने मोटारसायकल आडवी घातली आणि म्हणाला, बसा सिस्टर, सोडतो. सिस्टरांनी सांगितलं, कुठंच जायचं नाही, पळायचंच आहे. त्याला ते पटेना. आठवडाभर रोज कुणी ना कुणी गाडी थांबवायचं. मग लोकांनी आपसातच ठरवून टाकलं की सिस्टरला शुगर झाली आहे, डॉक्टरने पळायला सांगितलंय. सिस्टरांनी ते खोडून काढलं नाही. आजारासाठी पळणाऱ्या बाईला कुणी नावं ठेवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आजारासाठी नाही तर कशासाठी, हे मी त्यांना एका शनिवारी विचारलं. एसटीची वाट बघत आम्ही दोघं फाट्यावर उभे होतो. त्यांनी आधी, बरं वाटतं, असं काहीतरी सांगून विषय टाळला. गाडी उशीर करत होती. थोड्या वेळाने आपणहून बोलल्या.

"माझं सगळं कुणाच्या ना कुणाच्या कामाचं हाय, भाऊ. डोंगर चढते ती डूटी. घरी जाते ते रांधायला, खुरपायला. सकाळचं पळणं तेवढं कुणाच्याच उपयोगाचं न्हाई. म्हणून मला ते लई आवडतं."

हे बोलताना त्या रस्त्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा चोरी कबूल केल्यासारखा झाला होता. मी आपलं, चांगलं आहे की, असं काहीतरी बोललो.

मुलाला कळलं तेव्हा त्याने पुण्याहून चांगले बूट आणून दिले आणि तालुक्यातल्या एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. मीही बघायला गेलो. सिस्टर सुरुवातीच्या रेषेशी उभ्या होत्या, तर तिथल्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने त्यांना ओळखलं. ड्यूटीवर आल्या असतील असं समजून त्याने शेजारची सीट झटकून ठेवली आणि हाका मारायला लागला. सिस्टरांनी लांबूनच हात हलवला, ओढणीची गाठ घट्ट केली आणि छातीवरचा नंबर बोटाने दाखवला. त्यांच्या वयाच्या बायकांत त्या तिसऱ्या आल्या. बक्षीस घेताना त्यांना हसू आवरेना. तोंडावर ओढणी धरून हसत राहिल्या. एवढं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्यानंतर पुण्यातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचं ठरलं. त्यासाठी त्यांनी हिवाळाभर तयारी केली, आणि उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या जांघेत दुखायला लागलं.

माझ्या ते लक्षात आलं पायरीवर. पूर्वी त्या धपकन बसायच्या. आता आधी हात टेकायच्या, मग अंग खाली सोडायच्या. मग एकदा माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, एका म्हाताऱ्या बाईसाठी दुखण्याच्या गोळ्या पाहिजेत, वर जातेच आहे तर देईन. मी दिल्या. चार दिवसांनी त्याच म्हाताऱ्या बाईसाठी पुन्हा मागितल्या. तिसऱ्या वेळी म्हातारीचं नाव विचारावंसं वाटलं, पण मी विचारलं नाही. ज्या बाईने वीस वर्षं सगळ्यांचे पाय बघितले, तिला स्वतःचा पाय कळत नसेल का, असं मनाशी म्हणून मी पाकिटं पुढे सरकवली. कुठे थांबवायचं हे ठरवायची ती जागा माझी होती, आणि मी ठरवलं नाही.

डॉक्टर मॅडमच्या मात्र नजरेतून लंगडणं सुटलं नाही. त्यांनी मंचरला पाठवून एक्स-रे काढायला लावला. एक्स-रेत काही दिसलं नाही. मॅडम म्हणाल्या, अशा दुखण्यात हाडाला बारीक तडा असला तरी सुरुवातीला दिसत नाही, पुण्याला जाऊन एमआरआय करा, तोपर्यंत दीड महिना पळणं बंद, चढणंही कमी. सिस्टरांनी मान डोलावली. मला येऊन सांगितलं ते एवढंच की, एक्स-रेत काय न्हाई.

शर्यत पंधरा दिवसांवर होती. एमआरआय राहिलाच, आणि शर्यतीचं मॅडमना त्यांनी कळू दिलं नाही. रविवारी पुण्याला जाऊन पळून आल्या. मुलाने फोनवर फोटो पाठवला. गळ्यात मेडल, एक हात मुलाच्या खांद्यावर. खांद्यावरची बोटं बघितली तर कळत होतं की हात प्रेमाने ठेवलेला नाही, आधाराला धरलाय. नंतर त्यांनीच सांगितलं, सतराव्या किलोमीटरला आत काहीतरी कचकन झालं. पुढचे चार किलोमीटर त्या पाय फरफटत गेल्या. मग थांबला का नाहीत, असं मी तेव्हा विचारलं. म्हणाल्या, थांबायचं सुचलंच नाही.

सोमवारी त्या कामावर हजर होत्या. मॅडमना सांगितलं, शेतात पाय मुरगळला.

श्रावण लागला. श्रावणातल्या सोमवारी भीमाशंकरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. आमच्या फाट्यापासून वर आणि खाली नजर जाईल तिथवर गाड्या, मधून रेनकोट घातलेली पायी जाणारी माणसं, धुकं. अशाच एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सावरवाडीच्या आशाताईचा फोन आला. अंजना नावाच्या पहिलटकरणीच्या कळा तीन आठवडे आधीच सुरू झाल्या होत्या. पाणी गेलं होतं. डोली बांधून तयार होती, पण तिला खाली आणण्याइतका वेळ राहिला नव्हता.

डॉक्टर मॅडम मीटिंगला घोडेगावला गेल्या होत्या, रांगेच्या पलीकडे. ॲम्ब्युलन्स तिकडेच अडकली होती. दुसऱ्या सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर. राहिल्या मंगल सिस्टर. सावरवाडीला पावसाळ्यात गाडी जात नाही, पायवाटेनेच चढावं लागतं. पळायला लागल्यापासून ती वाट त्या पाऊण तासात चढायच्या. हे आम्हाला माहीत होतं आणि वाडीलाही माहीत होतं. आशाताई तिकडे अंजनाच्या सासूला सांगत होती ते मला फोनमधून ऐकू आलं, "सिस्टर निघाल्या. आता आल्याच समजा."

मी त्यांना मोटारसायकलवरून गाड्यांच्या कडेकडेने वाटेच्या पायथ्याशी नेलं. पिशवी मी घेतली. तिच्यात नवजात बाळाच्या तोंडावर धरून श्वास द्यायची रबरी पिशवी होती, नाळ बांधायचं सामान होतं, इंजेक्शनं होती. सुरुवातीची चढण त्या चढल्या. ओढा ओलांडल्यावर पाय उचलेना. त्या हाताने मांडी धरून पाय उचलायच्या, पुढच्या दगडावर ठेवायच्या आणि मग दुसरा पाय ओढून घ्यायच्या. चिखल होता. पाऊस बारीक पडत होता. आशाताईचे फोन येत होते आणि सिस्टर धापा टाकत तिला सांगत होत्या, असं झोपव, जोर करू देऊ नको, गरम कपडा तयार ठेव. मग रेंज गेली.

मी म्हणालो, सिस्टर, पिशवी घेऊन मी पुढे पळत जातो.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी जाऊन काय करणार, भाऊ?"

त्यात राग नव्हता. मला गोळ्या मोजता येतात. बाळ कसं धरायचं हेही मला माहीत नव्हतं. मग मी त्यांना एका बाजूने धरलं आणि आम्ही त्यांच्या चालीने वर गेलो. त्या दिवशी, घाई कुठं हाय, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. दोन तासांच्या वर वेळ लागला.

बाळ आधीच झालं होतं. मुलगा होता. नाळ मानेभोवती होती, रडलाच नव्हता. वाडीतल्या सुईणीने उलटा धरून थोपटला होता, तोंडात बोट घालून साफ केलं होतं, आणि आता लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टरांनी त्याला तिच्या मांडीवरून उचललं. तोंडावर मास्क बसवून रबरी पिशवी दाबायला लागल्या. दोन बोटांनी छाती दाबायची, श्वास द्यायचा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी अंजनाच्या सासूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सिस्टर. अंजीकडं बघा."

मग त्या अंजनाकडे वळल्या. तिचं रक्त थांबत नव्हतं. सिस्टरांनी वार काढली, इंजेक्शन दिलं, पोट चोळत बसल्या, रक्त आटोक्यात आणलं. सगळं एकेक करून, नीट. नाडी मोजून त्यांनी सवयीने पेन काढलं आणि तळहात उघडला. त्यावर चिखल होता. थोडा वेळ बघत राहिल्या आणि पेन परत ठेवलं.

अंजनाला खाली न्यायचं ठरलं, तोवर ॲम्ब्युलन्स पायथ्याशी पोचल्याचा निरोप आला होता. तिचा नवरा सोमा आणि त्याच्या भावकीतल्या तिघांनी डोली उचलली. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी सावकाश येते. त्या उभ्या राहायला गेल्या आणि दारातच खाली बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. पायावर वजनच टाकता येत नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमारास ते चौघं रिकामी डोली घेऊन परत चढून आले. सिस्टरांसाठी. त्या नको नको म्हणत होत्या, सरकत सरकत येईन म्हणत होत्या. सोमाने ऐकून घेतलं आणि त्यांना उचलून डोलीत ठेवलं. ज्या माणसाचं पहिलं पोर त्या दुपारी गेलं होतं, त्याच्या खांद्यावरून सिस्टर डोंगर उतरल्या. ओढ्यापाशी दगड निसरडे होते तिथे तो मागच्या दोघांना म्हणाला, "हळू. सिस्टरच्या पायाला धक्का लागू देऊ नका." डोलीत सिस्टरांनी ओढणी तोंडावर ओढून घेतली होती.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. पुण्याला ऑपरेशन झालं, स्क्रू बसवले. सर्जन म्हणाले, तडा आधीपासूनचा होता, शर्यतीने वाढला आणि त्या चढणीने पुरा झाला.

पाच महिन्यांनी त्या कामावर परत आल्या त्या वॉकर घेऊन, आणि उजवा पाय थोडा आखूड पडलेला. त्यांना बसून करायचं काम दिलं. लसीच्या फ्रीजचं तापमान लिहायचं, रजिस्टरं भरायची. त्या खुर्चीवर बसायला लागल्या. हातावर लिहिणं बंद झालं. आता कागदावरच लिहायच्या, अक्षर सुरेख होतं.

डॉक्टर मॅडमनी त्यांना बसवून सांगितलं होतं की नाळेचा वेढा घट्ट होता, वेळेवर पोचला असतात तरी बाळ वाचलं असतं असं छातीठोक सांगता येत नाही. सिस्टर म्हणाल्या, "असंल." मॅडमनी पुन्हा समजावलं. पुन्हा म्हणाल्या, "असंल." वाडीवरूनही कुणी शब्दाने बोललं नाही. अंजनाची सासू बाजाराला उतरली की केंद्रात डोकवायची. एकदा सिस्टरांसाठी नाचणीचं पीठ घेऊन आली. म्हणाली, "तुमी तसल्या पायानं आलात, अंजी वाचली. आमाला ठावं हाय." सिस्टरांनी पीठ घेतलं, तिला चहा दिला, पायरीपर्यंत पोचवायला वॉकर घेऊन गेल्या. ती गेल्यावर मात्र फ्रीजच्या खोलीत जाऊन दार लोटून बसल्या. सासूला शर्यतीचं माहीत नव्हतं. वाडीला वाटत होतं, सिस्टरचा पाय शेतात मुरगळला होता.

मुलगा दर रविवारी फोन करून धीर द्यायचा. फिजिओथेरपीवाल्याने सांगितलंय, वर्षभराने हळूहळू पळता येईल, नवे बूट घेऊन ठेवतो, असं त्याचं चाले. एकदा माझ्यासमोरच त्यांनी त्याला तोडलं. म्हणाल्या, पळण्याचं नाव माझ्यापाशी काढू नको. फोन ठेवून दिला.

एका दुपारी ओपीडी संपल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी बसलो होतो. गोळ्यांचं माझ्या मनात होतंच. मी ते काढलं. म्हणालो, सिस्टर, मी गोळ्या द्यायला नको होत्या. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"तुमी दिल्या नसत्या तर मंचरहून आणल्या असत्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याचं वझं तुमी घेऊ नका. माझं मलाच कळंना झालंय. ह्यो खेळ व्हता का काय व्हतं? खेळात माणूस हरतं, जिंकतं, घरी येतं. दुसऱ्याचं पोर जातं का खेळात? ज्या पायांवर वाडीचा भरवसा व्हता ते मी चार किलोमीटरसाठी घालवून आले. माझे नव्हतेच ते पाय."

मी म्हणालो, असं नसतं सिस्टर, तुमचेही होते.

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजून सांगू का? कुणाला बोलले न्हाई. सकाळी जाग आली की आजूनबी पळावंसं वाटतंय. तो पोरगा डोळ्यांम्होरं हाय, आन् पाय तरीबी हुळहुळत्यात. ह्याची मला लई लाज वाटती." पुढे म्हणाल्या, "आन् तो रविवार परत आला तर मी जाईन का न्हाई? न्हाई म्हणायला पायजे. म्हणून बघते रोज. मनापास्नं निघत न्हाई."

मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि तापमानाचा आकडा लिहिला.

वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. या वेळी अर्ज घेऊन कुणी डोंगरातून उतरलं नाही. सिस्टर आता डोंगर चढणार नाहीत, हे माणसांना कळून चुकलं होतं. निरोपाला सोमा आणि अंजना दोघंही आली होती. अंजना पुन्हा पोटुशी होती. सिस्टरांनी तिच्या हातात शेंगदाणे आणि गूळ ठेवला, पण ती खाईपर्यंत समोर थांबल्या नाहीत. गाडीत जाऊन बसल्या. पुढे अंजनाला सुखरूप मुलगी झाली, तेव्हा मी त्यांना फोन केला. "वजन किती?" एवढंच त्यांनी विचारलं.

मध्यंतरी माझी बदली जुन्नरला झाली. जाण्याआधी एकदा मी निरगुडसरला त्यांच्या घरी गेलो. कांदा काढणी चालू होती. त्यांचे यजमान शेतात होते. सिस्टर ओट्यावर बसून कांद्याच्या पाती कापत होत्या. वॉकर सुटला होता, काठी आली होती. अंग थोडं सुटलं होतं. चहा झाला, भाकरी झाली, केंद्रातल्या जुन्या माणसांची चौकशी झाली. डोंगराचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. निघताना म्हणाल्या, चला, कालव्यापर्यंत येते. मी गाडी हाताने ढकलत त्यांच्या बरोबर चाललो. त्यांचा आखूड पाय दर पावलाला थोडा बाहेर पडायचा.

कालव्याच्या रस्त्याला लागलो तोच मागून पावलं वाजली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पाच-सहा मुली पळत येत होत्या. "मावशी, बाजूला," असं पुढची ओरडली. सिस्टर काठी टेकत कडेला झाल्या. मुली धुरळा उडवत गेल्या. सिस्टरांनी तोंड फिरवून घेतलं असेल असं मला वाटलं. पण त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. सगळ्यांत मागे एक उंच मुलगी होती. तिला त्यांनी काठी आडवी धरून थांबवलं.

"उजव्या पायाला काय झालंय?"

मुलगी धापा टाकत म्हणाली, काही नाही. सिस्टर तिच्या मांडीकडे हात करून म्हणाल्या, इथं आत दुखतं का? पाय टाकला की जास्त, बसलं की कमी? मुलीने एकदा पुढे गेलेल्या मैत्रिणींकडे बघितलं. "थोडंसं दुखतंय मावशी. पण पुढच्या महिन्यात भरतीचं ग्राउंड हाय, पळून दाखवायचंय," असं म्हणून तिने काठी हलकेच बाजूला केली आणि ती पुन्हा पळायला लागली. दहा-बारा पावलं लंगडली, मग चाल सुधारली.

मी गाडी सुरू केली, त्यांना घरी सोडतो म्हणालो. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"जावा तुमी, भाऊ. म्होरल्या पुलावरून माघारी येतील त्या पोरी हिकडंच. मी थांबते."

मी निघालो. पुढे वळणावर पाणी सोडायची मोरी आहे, तिथे गाडी थांबवून मागे पाहिलं. त्या रस्त्याच्या अगदी मधोमध उभ्या होत्या, दोन्ही हात काठीवर, तोंड पुलाच्या दिशेला. कांद्याने भरलेला एक ट्रॅक्टर त्यांच्यापाशी येऊन हॉर्न वाजवत होता. त्या हलल्या नाहीत. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानेच चाक कडेच्या गवतात घातलं आणि त्यांना वळसा घालून तो पुढे गेला.